उत्तर: सामान भाडेकरूचं, मग खरेदीखत मालकाचं कशाला?

नाशिकच्या पाथर्डी फाट्यावरच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये वरच्या मजल्याचा पाइप फुटून तुमचा टीव्ही, गाद्या, कपाट भिजलं आणि विमा कंपनी आता घरमालकाचं खरेदीखत मागतेय, हे वाचलं आणि जुनं दुखणं वर आलं. मी एजंट नाही, वकीलही नाही. पॉलिसीगणिक अटी बदलतात, तेव्हा स्वतःचा कागद समोर ठेवूनच पुढचं वाचा.

सोसायटीचा विमा इमारतीचा असतो, ते सोडून देऊ. तुमची पॉलिसी 'भारत गृह रक्षा' असेल, म्हणजे एप्रिल २०२१ पासून सगळ्या कंपन्यांकडे मिळणारी प्रमाणित पॉलिसी, तर ती नुसत्या सामानासाठीही घेता येते. पूर, आग यांच्याबरोबर टाकी-पाइप फुटून झालेलं नुकसानही तिच्यात येतं. म्हणजे दावा मुळात बसतो.

आता आधी एक करा. पॉलिसीत विमा असलेल्या जागेचा पत्ता कोणता छापलाय ते बघा. पत्रव्यवहाराचा नव्हे, जागेचा. 'रिस्क लोकेशन' म्हणतात तो.

आम्ही नासर्डी नदीजवळ तळमजल्यावर राहायचो. पॉलिसी एका बँकेच्या काउंटरवरून घेतली. अर्जात भाड्याच्या घराचा पत्ता लिहिला होता, कराराची प्रतही जोडली होती. तिथल्या साहेबांनी मात्र केवायसीतला पत्ता उचलला, आधारवरचा, निफाड तालुक्यातल्या गावचा. त्या पावसाळ्यात घरात गुडघाभर पाणी, फ्रिज आडवा तरंगतोय, आणि कंपनीचं उत्तर आलं की विमा गावच्या घरातल्या सामानाचा आहे. गावी माझी एक खुर्चीसुद्धा नाही! बँक म्हणे कंपनीला विचारा, कंपनी म्हणे बँकेकडून लिहून आणा. आणि दोन्हीकडे एकच पालुपद, "सिस्टिमला तसंच दिसतंय." अहो, सिस्टिमला कोणी दाखवलं? चूक टायपिंगची, ती कोणाची हे सगळ्यांना कळत होतं, पण सही करून कबूल करायला एकही माणूस तयार नव्हता. शिक्का मारलेली अर्जाची पोच जपून ठेवली होती, तिच्याच जोरावर शेवटी तडजोडीत थोडेफार पैसे मिळाले.

म्हणून माझं ठाम मत, कोणाला पटो न पटो: भाडेकरूने विम्याची रक्कम किती यावर डोकं शिणवण्याआधी पत्ता तपासावा. आपल्याकडे अकरा महिन्यांचा करार संपला की लोक सिडकोतून इंदिरानगरला जातात आणि पॉलिसी सिडकोतच राहते. घर बदललं की कंपनीकडून पत्ताबदलाचं एंडॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीतल्या बदलाची नोंद, लेखी घ्या. फोनवरचं "हो, करून टाकतो" धरू नका.

खरेदीखताबद्दल: तुम्ही भिंतींचा दावा करत नाही आहात. पॉलिसीच्या कोणत्या अटीनुसार ते हवंय हे ईमेलवर विचारा. तोंडी मागणी लेखी करायला लावली की बऱ्याचदा ती विरून जाते. सोबत नोंदणीकृत करार द्या. करार नुसता नोटरी केलेला असेल तर लपवू नका, भाड्याच्या ऑनलाइन पावत्या आणि गॅसचं बिल जोडा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे, पण 'नोंदणीचा खर्च कशाला' म्हणणारे मालक नाशकात गल्लोगल्ली. त्यांच्याबद्दल न बोललेलंच बरं.

कंपनीने नकार दिला किंवा तक्रार करूनही महिनाभर उत्तर दिलं नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे जा. नाशिकसाठी पुण्याचं कार्यालय. फी नाही, वकील लागत नाही. नकारानंतर एका वर्षाच्या आत जायचं असतं, तेवढं ध्यानात ठेवा.

तुमच्या प्रश्नाखाली कोणीतरी चोरीचं विचारलंय. या पॉलिसीत चोरी धरली जाते ती पूर-आगीसारख्या घटनेमुळे आणि त्यानंतरच्या सात दिवसांत झालेली. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळं कव्हर घ्यावं लागतं, आणि मग एफआयआर तर लागतोच, शिवाय तपास लागला नाही तर पोलिसांचा 'अ समरी' अहवालही कंपन्या मागतात. दागिने वेगळे नोंदवा, रोकड धरत नाहीत.

आणि नुकसान तपासणारा सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत भिजलेला टीव्ही दुरुस्तीला टाकू नका, गाद्या भंगारवाल्याला देऊ नका. कपडे खुशाल धुवा, फक्त आधी फोटो काढून ठेवा.