रजा संपतेय, नोकरी सोडू का?

प्रश्न : बाळ साडेपाच महिन्यांचं आहे, बाळंतपणाची २६ आठवड्यांची रजा संपत आलीय. नवरा म्हणतो, नोकरी सोड. मला सोडायची नाही.

उत्तर : मग सोडू नका. ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय कायद्याने बंधनकारक आहे. तिथे दिवसातून ४ वेळा जाता येतं. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत दूध पाजायला कामाच्या वेळेत रोज २ जादा मधल्या सुट्ट्याही मिळतात. हे लेखी मागा, तोंडी मागणी विरून जाते. काढलेलं दूध फ्रिजमध्ये ४ दिवस टिकतं. वाटी-चमच्याची सवय आत्तापासूनच लावा. नवऱ्याकडे 'मदत' मागू नका, घोडं तिथेच अडतं. मदत रोज सांगावी लागते. बाळाची अंघोळ आणि पाळणाघरात सोडणं पूर्णपणे त्यांच्याकडे द्या, आजारपणातल्या रजा आलटूनपालटून घ्या.