‘हातपाय गार पडले’ म्हणजे ‘कोल्ड फीट’ नव्हे

ठाण्यात येऊरच्या जंगलातल्या रस्त्यावर संध्याकाळी एका वाचकाच्या बाइकसमोर बिबट्या आला. दुसऱ्या दिवशी ऐरोलीच्या ऑफिसातून कॉलवर लंडनच्या टीममधल्या एकीला हा किस्सा सांगताना ते म्हणाले, ‘आय गॉट कोल्ड फीट’. तिने विचारलं, मग जायचं रद्द केलंस का? ते विचारतात, माझं काय चुकलं? आणि ‘पाचावर धारण बसली’ हे इंग्रजीत कसं सांगायचं?

तिचं बरोबर होतं. कोल्ड फीटमध्ये पाय गार पडत नाहीत, मागे येतात. साखरपुडा झालाय, हॉलची अनामत भरलीय आणि नवरदेव म्हणतो, थोडं थांबू या. किंवा घोडबंदर रोडच्या फ्लॅटचं टोकन द्यायच्या आदल्या रात्री घरातल्यांची झोप उडते आणि सकाळी बिल्डरचा फोन कुणी उचलत नाही. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे: कच खाणं. बिबट्यासमोर कच खायला सवडच कुठे मिळते!

इंग्रजी वाक्प्रचार निवडताना भीती किती यापेक्षा ती कधीची हे आधी बघावं. झुडपातून तो एकदम बाहेर आला, तो अर्धा सेकंद ‘आय निअर्ली जम्प्ड आउट ऑफ माय स्किन’चा. हे नुसतं दचकणं. मागून कुणी ‘भॉ’ केलं तरी चालतं आणि सांगताना थोडं हसूही येतं. मग तो रस्त्याच्या मधोमध थांबून बघत राहिला, तुमची बोटं ब्रेकवर तशीच आवळलेली, हॉर्न वाजवायचंही सुचेना. हे ‘पेट्रिफाइड’ किंवा ‘स्केअर्ड स्टिफ’. ग्रीकमध्ये पेट्रा म्हणजे खडक, म्हणजे माणसाची शिळा झाली. (तुमच्या बाइकच्या टाकीतलं पेट्रोलही त्याच खडकातलं: खडकाचं तेल.) मराठीत इथे थिजलो म्हणावं. मात्र हल्ली पेट्रिफाइड फार स्वस्त झालाय. झुरळाला, इंटरव्ह्यूला, सासूबाईंना, कुणालाही लोक पेट्रिफाइड असतात.

तो जंगलात गेला आणि तुम्ही खाली उपवन तलावापर्यंत आरशात बघत बघत आलात, ते ‘विथ माय हार्ट इन माय माउथ’. आपण जीव मुठीत धरतो, त्यांचं काळीज तोंडाशी येतं. पण ‘काळजात धस्स झालं’ म्हणून इथे ‘माय हार्ट सँक’ म्हणू नका. त्यात भीतीपेक्षा निराशा जास्त आहे. ॲडमिशनच्या यादीत नाव नसलं की हार्ट सिंक होतं.

‘हीबी-जीबीज’ म्हणजे अंगावर येणारा शहारा; शब्द कानाला गोड लागतो. बिली डीबेक या अमेरिकी व्यंगचित्रकाराने तो १९२३मध्ये चालवला. अंधाऱ्या जिन्याला किंवा पालीला ठीक, बिबट्याला फारच लहान.

आता तंतरली, टरकली, फाटली. मित्रांच्या ग्रुपवर ‘फाटली’ चालते, आईसमोर जरा अडखळते. इंग्रजीतही त्या जातीचा एक प्रयोग आहे, तो सगळ्यांना माहीत आहे आणि ऑफिसच्या कॉलवर नको. त्याऐवजी ‘इट स्केअर्ड द लिव्हिंग डेलाइट्स आउट ऑफ मी’ म्हणा. जोर तोच, कुणाची भुवई उडत नाही. हे डेलाइट्स म्हणजे अठराव्या शतकातल्या बोलीत चक्क डोळे.

उरली पाचावर धारण. तिला इंग्रजी जोड नाही. धारण म्हणजे बाजारातला धान्याचा भाव. रुपयाला जेमतेम पाच शेर धान्य मिळू लागलं की लोकांचा धीर सुटायचा, अशी तिची उपपत्ती सांगतात. म्हणजे मुळात ही गावच्या गाव ग्रासणारी, हळूहळू चढणारी धास्ती. फेब्रुवारी २०१९मध्ये बिबट्या ठाण्याच्या कोरम मॉलमध्ये शिरल्याचं कळल्यावर आसपासच्या सोसायट्यांत जे झालं असेल त्याला ती जास्त शोभते. एकट्या माणसाला आज आपण ती सर्रास लावतो, त्यात गैर काही नाही. इंग्रजीत तेवढं वजन हवं असेल, तर ‘स्केअर्ड आउट ऑफ माय विट्स’ त्यातल्या त्यात जवळचा.

लंडनच्या बाईंना मात्र एवढंच सांगा: ‘आय वॉज स्केअर्ड स्टिफ’. रस्त्याच्या मधोमध जे झालं ते तेच होतं.