फॉलोअर मिळवण्यासाठी मुदत ठेव मोडावी का?

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील मराठी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या एका शिक्षिकेने विचारले आहे: ‘कथासंग्रह स्वखर्चाने काढला. 500 प्रतींना 70,000 रुपये लागले. 180 प्रती खपल्या, 320 घरात आहेत. किंमत 250 रुपये. एक प्रसिद्धी संस्था सहा महिन्यांत फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर दहा हजार फॉलोअर मिळवून देण्याचे 1,50,000 रुपये, वर 18 टक्के जीएसटी मागते. घराच्या छपरासाठी ठेवलेली तीन लाखांची ठेव मोडू का?’

आदरणीय बाई,

ठेव मोडू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. छपाईचे 70,000 रुपये खर्च होऊन गेले आहेत. ते वसूल व्हावेत म्हणून नवा खर्च करायचा, हा विचार प्रथम बाजूला ठेवावा. आता हिशेब उरलेल्या प्रतींचा आहे. प्रत थेट वाचकाला पाठवली आणि टपाल-पॅकिंगला 50 रुपये धरले, तर हाती 200 रुपये येतात, म्हणजे 320 प्रतींचे 64,000. संस्थेला मात्र जीएसटीसह 1,77,000 रुपये द्यावे लागतील. घरात एकही प्रत उरली नाही, तरी 1,13,000 रुपयांची तूट राहते. संस्थेला दिलेले 1,77,000 भरून यायला 885 प्रती विकाव्या लागतील आणि तुम्ही छापल्या आहेत 500. शिवाय मुदतीपूर्वी ठेव मोडल्यास बँका सहसा ठेव जितका काळ राहिली त्या काळाचा दर लावून त्यातूनही दंड कापतात.

फॉलोअर आणि वाचक एक नव्हेत, हे मला मनापासून सांगावेसे वाटते. संस्थेने आणलेले दहा हजार लोक मराठी कथा वाचणारेच असतील, याची हमी संस्थेच्या प्रस्तावात कुठेही नाही. याउलट ज्या 180 जणांनी पैसे देऊन पुस्तक घेतले, ते तुमचे खरे भांडवल आहे. त्यांची नावे आणि क्रमांक वहीत उतरवा, त्यांची संमती घेऊन व्हॉट्सअॅपवर महिन्याला एखाद्या कथेचा काही भाग तुमच्याच आवाजात पाठवा आणि दुसऱ्या पुस्तकाची आगाऊ नोंदणी त्यांच्याकडेच प्रथम मागा. आपल्या सीमाभागात कडोली, उचगाव, येळ्ळूर येथे गावकरी स्वतः साहित्य संमेलने भरवतात. तिथे पुस्तक हातात घेऊन चाळणारा माणूस पुढे ऑनलाइनही तुमच्यासोबत राहतो, म्हणून टेबलावर प्रतींइतकीच क्रमांक लिहून घेण्याची वही महत्त्वाची आहे.

यासाठी पेन्शनमधून महिना 2,000 रुपये, वर्षभरात 24,000, एवढी मर्यादा घाला. जाहिरात करायचीच असेल तर त्यातलेच हजार रुपये बेळगाव, कोल्हापूर अशा ठरावीक भागापुरते लावून पाहा आणि प्रत्येक खरेदीदाराला पुस्तक कुठे कळले ते विचारा. तीन महिन्यांत जाहिरातीतून आलेल्या प्रतींनी तिचा खर्च भरून निघाला नाही, तर ती थांबवावी.

अॅमेझॉनच्या किंडलवर मराठी ई-पुस्तक काढता येते, पण भारतातील विक्रीवर 70 टक्के रॉयल्टी हवी असल्यास केडीपी सिलेक्ट या अॅमेझॉनच्याच योजनेत (ई-पुस्तक फक्त तिथेच ठेवण्याच्या अटीवर) नोंद करावी लागते, अन्यथा 35 टक्के मिळते. ही नोंद 90 दिवसांची असते आणि त्या काळात नमुन्यापुरता भाग सोडून तोच मजकूर फेसबुकवर किंवा इतरत्र डिजिटल स्वरूपात देता येत नाही. कथा फेसबुकवर टाकायच्या असतील, तर हे आधी ठरवा.

सीमेपलीकडे, म्हणजे दुसऱ्या राज्यात, विक्री केली की जीएसटी नोंदणी घ्यावी लागेल, अशी भीती तुम्हाला वाटत असेल तर ती अनाठायी आहे. छापील पुस्तकांवर हा कर शून्य आहे आणि केवळ करमुक्त वस्तू विकणाऱ्याला नोंदणीची सक्ती नाही. नफा मात्र प्राप्तिकराच्या विवरणपत्रात दाखवावा लागतो, म्हणून छपाईची आणि टपालाची बिले जपून ठेवा.

दुसऱ्या पुस्तकासाठी शंभर जणांनी आगाऊ पैसे भरले, तर मोठ्या प्रसिद्धीखर्चाचा विचार आपण पुन्हा करू. तोवर ठेवीला हात लावू नका, आणि तिची मुदत पावसाळ्याआधी संपत असेल तर त्यातून पहिल्यांदा छपराचे काम करून घ्या.