दरोड्यानंतर गाव बंद ठेवून काही साधतं का?

तुमचा प्रश्न: आमच्या गावात भरबाजारात सराफाचं दुकान लुटलं, दोघांवर कोयत्याने वार झाले. पोलीस आणि रुग्णवाहिका तासाभराने आली. लोक भयंकर चिडलेत. परवा गाव बंद आणि ठाण्यावर मोर्चा आहे. याचा खरंच काही उपयोग होतो का?

मोर्चाला जरूर जा. मीही गेलो होतो, सगळ्यात पुढे, घसा बसेपर्यंत घोषणा देत. पण जाण्याआधी आज रात्री दोन तास बसून एक काम उरका. ते काम आम्हाला सुचलं तेव्हा तीन आठवडे उलटून गेले होते.

आमची गोष्ट २०२२ च्या डिसेंबरमधली. तालुक्याची बाजारपेठ, माझं स्टेशनरीचं दुकान, समोरच्या ओळीत चार गाळे सोडून सराफी दुकान. रात्री पावणेनऊच्या सुमारास, ती मंडळी दुकान वाढवायच्या बेतात असताना, एका मोटारसायकलवरून तिघं आले. तोंडाला मफलर. डिसेंबरच्या थंडीत मफलरचं कुणाला काय वाटणार? एक जण बाहेर गाडी चालू ठेवून थांबला. दोघं आत गेले, मालकांच्या डोळ्यांत मिरचीपूड टाकली. ट्रे आवरणारा बंगाली कारागीर आडवा आला, त्याच्या उजव्या हातावर कोयता बसला. सगळं मिळून चार मिनिटं. बाहेर पडताना त्यांनी नुसता हवेत कोयता फिरवला आणि आमची अख्खी पेठ शटरआड गेली. त्या शटरांमध्ये माझंही होतं.

पुढचं गावात सगळे एका वाक्यात सांगतात: पोलीस दीड तासाने आले. मोर्चात मीही हेच ओरडलो. वर्तमानपत्रातही हेच छापून आलं. खरं काय ते नंतर कळलं, कारण आमच्यातल्या एका निवृत्त मास्तरांना प्रत्येक गोष्टीची वही करायची खोड आहे. त्यांनी पेठेतल्या प्रत्येकाला फोन दाखवायला लावला. कोणी, कुणाला, किती वाजता फोन केला, एवढंच.

तर दरोडा पडला आठ एक्केचाळीसला. पावणेनऊला चोर पसार. त्यानंतरच्या पहिल्या आठ मिनिटांत पेठेतून एकोणीस फोन गेले. घरी, भावाला, नगरसेवकाला, पत्रकाराला. दोघांनी ओळखीच्या हवालदाराच्या खासगी मोबाईलवर लावला. तो रजेवर, लग्नात होता. एकाने ठाण्याच्या लँडलाइनवर तीनदा प्रयत्न केला, कोणी उचलला नाही. आणि तीन जण व्हिडिओ काढत होते. नेमक्या ठिकाणी पहिला फोन लागला आठ त्रेपन्नला, तो ब्यूटी पार्लर चालवणाऱ्या वहिनींचा. बाकी सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की एव्हाना कोणीतरी कळवलंच असेल. मी कुणाला केला होता? साडूला. तो सत्तर किलोमीटरवर राहतो.

पोलिसांची गाडी आली नऊ एकतीसला. म्हणजे फोनपासून अडतीस मिनिटं. अडतीस मिनिटं हासुद्धा संतापजनक आकडाच आहे, त्याची बाजू मला घ्यायची नाही. गाडी एकच, आणि ती शेजारच्या गावच्या जत्रेत बंदोबस्ताला. पण ‘दीड तास’ म्हटलं की साहेब लोक सुटतात. ते शांतपणे नोंद काढून दाखवतात की दीड तास खोटा आहे, आणि खोट्यात सापडलेल्या माणसाचं पुढचं खरंही कोणी ऐकत नाही. आमचं तेच झालं. त्यात भर म्हणून सराफाच्या कॅमेऱ्याचं घड्याळ सतरा मिनिटं पुढे होतं. फुटेजवर दरोडा दिसतो आठ अठ्ठावन्नला. म्हणजे कागदोपत्री आमच्या वहिनींनी दरोडा पडायच्या पाच मिनिटं आधी फोन केला! त्या बिचारीला याबद्दल दोनदा जबाब द्यावा लागला.

आता जखमीचं. रक्त थांबेना, तेव्हा किराणावाल्याने कॉफीची पुडी फोडून आणली, दुसऱ्याने हळद. तिसरा म्हणतो, पोलीस येईपर्यंत हात लावू नका, पंचनामा व्हायचाय. शेवटी गल्लीतल्या एका नर्सबाईंनी सगळ्यांना बाजूला सारून स्वच्छ टॉवेल जखमेवर घट्ट दाबून धरला आणि हात वर उचलायला लावला. वडापच्या जीपवाल्याने त्याला नेलं. पहिल्या खासगी दवाखान्यात सांगितलं, पोलीस केस आहे, आधी पत्र आणा. हे कोणी तुम्हाला म्हणालं तर दारातून परत फिरू नका. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगून ठेवलंय की जखमीचा जीव वाचवणं आधी, पोलिसी सोपस्कार नंतर, आणि हे सरकारी-खासगी प्रत्येक डॉक्टरला लागू आहे. आम्हाला तेव्हा हे ठाऊक नव्हतं. आम्ही मुकाट दुसरीकडे गेलो.

रुग्णवाहिकेच्या उशिराबद्दल चिडण्याआधी एक हिशेब करून बघा. राज्यात १०८ ची सेवा २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा गाड्या होत्या ९३७. त्यातल्या गंभीर रुग्णासाठी सगळी साधनं असलेल्या २३३. तालुके ३५८. भागाकार तुम्हीच करा. मोर्चात हा भागाकार फलकावर लिहिला असता तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं. आम्ही लिहिलं होतं ‘निष्क्रिय प्रशासनाचा जाहीर निषेध’.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच सराफाच्या दारात रांग. सांत्वनाला नव्हे. कुणाचं मंगळसूत्र पॉलिशला दिलेलं, कुणाच्या पाटल्या गहाण, कुणी लेकीच्या लग्नाचे पैसे आगाऊ भरलेले. मला आधी याची चीड आली, पण त्या बायकांचं तरी काय चुकलं? त्यातल्या निम्म्या जणींकडे पावतीसुद्धा नव्हती. मालक डोळ्यांना पट्टी बांधून बसलेले आणि वहीत नावं लिहून घेत होता त्यांचा दहावीतला मुलगा. श्वानपथक आलं, श्वान एसटी स्टँडपर्यंत गेलं आणि नेहमीप्रमाणे तिथेच घुटमळलं. गर्दी मात्र त्याच्यामागे स्टँडपर्यंत गेली, ठसेतज्ज्ञ यायच्या आधी अर्ध्या गावाने दुकानाचा काउंटर चाचपून झालेला.

दुपारी व्हॉट्सॲपवर सुरू झालं की चोर अमुक वस्तीतले. गावाबाहेर पालं टाकून राहणारी काही कुटुंबं होती, पोरं निघाली तिकडे काठ्या घेऊन. हा भाग तुमच्या गावात घडण्याची शक्यता सगळ्यात जास्त आहे, म्हणून जरा थांबून लिहितो. १८७१ मध्ये इंग्रजांनी काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा कायदा केला. तो १९५२ मध्ये रद्द झाला, गावांच्या डोक्यातून मात्र अजून गेलेला नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. १६ एप्रिल २०२० ला पालघरच्या गडचिंचल्यात चोर आल्याच्या अफवेतून तिघांचा जीव गेला. आमच्याकडे अनर्थ टळला तो पोलीस पाटलांमुळे. साठीचा माणूस, लुना आडवी लावून रस्त्यात उभा राहिला आणि पोरांना आईबहिणीवरून शिव्या देऊन परत पाठवलं. त्यावर कोणी निवेदन दिलं नाही की सत्कार केला नाही. पुढे आरोपी सापडले ते दुसऱ्याच जिल्ह्यातले. टीप देणारा आमच्याच पेठेतला, सगळ्यांच्या चहाच्या ओळखीचा.

बंद कडकडीत झाला. मोर्चाला हजार-बाराशे माणूस. डीवायएसपी साहेबांनी बाहेर येऊन निवेदन घेतलं. मागण्या दोन: आरोपींना तत्काळ अटक आणि पीआयची बदली. महिन्याभरात बदली झाली, फटाके वाजले. नवीन साहेबांना तालुक्यातले रस्ते समजेपर्यंत पावसाळा आला. गाडी एकच होती, एकच राहिली. बदलीची मागणी सरकारला सगळ्यात स्वस्तात पडते. ती तुम्ही करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणखी एक ओरड झाली, ती तुमच्याकडेही होईल: दरोड्याचं कलम लावलं नाही, पैसे खाल्ले. कायद्यात दरोडा म्हणजे पाच किंवा जास्त जण. तिघं असतील तर ती जबरी चोरी, कोयता असो नाहीतर पिस्तूल. आमच्या वेळी भारतीय दंड संहिता होती; १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आहे आणि त्यात जबरी चोरीला ३०९, दरोड्याला ३१० कलम. आणि जबरी चोरी करताना कुणाला जखमी केलं तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते, तेव्हा ‘साधं कलम’ वगैरे काही नसतं. फिर्यादीत शस्त्राचा आणि जखमेचा उल्लेख नीट आलाय ना, एवढं वाचून बघा. आमच्याकडे ग्रॅममध्ये सोन्याची पाऊण पान यादी होती आणि कारागिराच्या हाताबद्दल एक ओळ.

राज्यात २०२३ च्या जूनमध्ये आधी सांगलीत आणि चार दिवसांनी कोल्हापूरजवळ बालिंग्यात भरदिवसा सराफी दुकानं लुटली गेली. गोळीबाराचे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. त्या आठवड्यात आमच्या पेठेत पुन्हा बैठक झाली आणि तिथे मास्तरांची वही पहिल्यांदा सगळ्यांसमोर वाचली गेली. एकोणीस फोनांची यादी वाचताना कोणी कुणाकडे बघत नव्हतं. त्यानंतरचं निवेदन एका पानाचं होतं. आठवडी बाजाराच्या आणि जत्रेच्या दिवशी गाडी तालुक्याबाहेर जाणार असेल तर बदली गाडी. रात्री आठ ते साडेनऊ, दुकानं वाढवायच्या वेळी, पेठेत पायी गस्त. ठाण्याचा लँडलाइन उचलला जाईल याची लेखी हमी. सोबत वेळांचा तक्ता. गस्त सुरू झाली आणि बरीचशी टिकली, फोन उचलला जातो, गाडीचं अजून भिजत घोंगडं. म्हणजे तीनपैकी दोन. पहिल्या मोर्चाने यातलं काहीच मिळालं नव्हतं.

आम्ही स्वतः काय बदललं? प्रत्येक गल्लापेटीवर ११२ चिकटवलंय. हा फोन आपल्या ठाण्यात लागत नाही, आधी नवी मुंबई किंवा नागपूरच्या केंद्रात जातो, तिथून जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षात आणि मग गाडीतल्या पडद्यावर. म्हणून ‘मारुतीच्या पारापाशी या’ म्हणून भागत नाही. जिल्हा, तालुका, गाव, मग पार. ग्रामसुरक्षा यंत्रणेत गाव नोंदवलं, तिच्या १८००२७०३६०० या क्रमांकावर एकाने बोललं की तोच आवाज नोंदलेल्या सगळ्या फोनवर जातो. गेल्या वर्षी उसाला आग लागली तेव्हा तिचा उपयोग झाला. आणि सगळ्या कॅमेऱ्यांची घड्याळं दर पाडव्याला जुळवतो. यावर पेठेत विनोद होतात, होऊ देत.

कारागिराची बोटं पुन्हा पूर्ण मिटली नाहीत. बारीक कामाला बोटं लागतात. मालकांनी उपचाराचा खर्च केला, पण त्याच्या हाताला काम काय द्यायचं हे कुणालाच सुचलं नाही. दोन वर्षांपूर्वी तो हुगळीला परत गेला. बंदच्या दिवशी एकाही फलकावर त्याचं नाव नव्हतं, कारण ते आमच्यापैकी कुणाला ठाऊकच नव्हतं. सगळे त्याला ‘बंगाली’ म्हणायचे.

तर आजचं काम. पेठेतल्या प्रत्येकाच्या फोनमधल्या त्या रात्रीच्या कॉलचे स्क्रीनशॉट घ्या, कॅमेऱ्यांची घड्याळं खऱ्या वेळेशी ताडून फरक लिहून ठेवा आणि फुटेजची प्रत काढा. कॅमेऱ्याची डिस्क भरली की जुनं आपोआप पुसलं जातं, आमच्या निम्म्या दुकानांत पंधराच दिवसांत गेलं होतं. व्हिडिओ ग्रुपवर टाकू नका, पोलिसांना द्या आणि पोच घ्या. मग माहितीच्या अधिकारात अर्ज करा: फोन किती वाजता आला, गाडी किती वाजता निघाली, किती वाजता पोचली, त्या वेळी ती कुठे होती. फक्त वेळा मागा. तपासाचं काही मागितलंत तर नकाराला कारण मिळतं. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. अर्ज दोघा-तिघांच्या नावाने वेगवेगळा टाका, एकट्याच्या नावाने टाकलात तर त्याला समजवायला माणसं येतात.