लेंड्या, शेण, लीद की सरसकट विष्ठा?

प्रश्न असा आहे : ‘वन्य चराऊ प्राण्यांच्या विष्ठा-विश्लेषणाद्वारे आहार गुणवत्तेचे मूल्यांकन’ या शीर्षकात ‘विष्ठा’ हा शब्द हरणापासून हत्तीपर्यंत सगळ्यांना चालेल का?

शीर्षकात चालेल. मजकुरात मात्र तो सतत वापरू नये. चितळ, सांबर, काळवीट, ससा यांच्या लेंड्या. गवा आणि रानम्हशीचं शेण. रानगाढव आणि हत्तीची लीद. नावात गाय असली तरी नीलगाय लेंड्याच टाकते. ‘विष्ठा’ वाघाला आणि रानडुकराला शोभते.

हा भेद नुसता बोलीतला नाही. रवंथ करणारं जनावर चारा पोटात आंबवून पुन्हा चावतं, म्हणून लेंडी चुरली की भुगा बारीक निघतो. हरणांच्या आतड्यात पाणी भरपूर शोषलं जातं आणि सुट्या, घट्ट गोळ्या पडतात. गव्याच्या शेणात पाणी जास्त राहतं, म्हणून त्याचा पो पडतो. घोडा, रानगाढव, हत्ती रवंथ करत नाहीत. त्यांचा चारा जठर ओलांडल्यावर मोठ्या आतड्यात आंबतो, म्हणून लीद मोडली की काड्या उघड दिसतात. सशाची गोष्ट आणखी निराळी : तो पहिल्या खेपेची मऊ लेंडी स्वतःच खातो, आपल्याला दिसते ती दुसऱ्या खेपेची.

आता ‘आहार गुणवत्ता’. यासाठी ‘कस’ हा नेमका शब्द असताना गुणवत्ता कशाला? कसदार चारा, निकस चारा असं आपण म्हणतोच. ‘मूल्यांकन’ऐवजी ‘जोखणे’ घ्या. आणि ‘चराऊ’ तर इथे चूकच आहे. चराऊ असतं ते कुरण. जनावर चरणारं असतं. माझी पसंती : ‘शेण-लेंड्यांवरून रानातल्या चरणाऱ्या जनावरांच्या आहाराचा कस जोखणे’. लांब आहे, पण पहिल्या वाचनात कळतं.

मजकुरात नायट्रोजन येईल, तिथे शेतीतला ‘नत्र’ बिनधास्त वापरा. या पद्धतीचा गाभाच तो आहे. चारा कोवळा आणि पचायला सोपा असला की पोटातले सूक्ष्मजीव जोमाने वाढतात. त्यांचे न पचलेले अवशेष बाहेर पडतात आणि लेंड्यांतलं नत्र वाढतं. गवत वाळून चोथा वाढला की ते उतरतं. जनावराला न पकडता, न बेशुद्ध करता एवढं कळतं. पण ‘नत्र जास्त म्हणजे आहार कसदार’ असं सरळ सूत्र लिहू नका. झुडपांच्या पाल्यात टॅनिन नावाचं तुरट द्रव्य असतं. ते नत्र असलेल्या प्रथिनांना बांधून ठेवतं आणि ती न पचताच बाहेर पडतात. मग नत्राचा आकडा फुगतो, जनावराच्या पदरात मात्र कमीच पडतं. म्हणून ही पद्धत पाला खाणाऱ्यांपेक्षा गवत चरणाऱ्यांबाबत जास्त भरवशाची.

इथेच सरसकट ‘विष्ठा’ नडते. ‘विष्ठेतील नत्राची तुलना’ असं वाचलं की काळवीट आणि हत्ती एकाच तराजूत घातल्यासारखे वाटतात, आणि तशी तुलना करायचीच नसते. एकाच जातीच्या जनावरांची, वेगवेगळ्या ऋतूंतली किंवा रानांतली तुलना धरावी. ‘काळविटाच्या लेंड्यांतलं नत्र’ असं लिहिलं की घोटाळ्याला जागाच उरत नाही.

‘आहार’ आणि ‘आहाराचा कस’ यांचीही गल्लत होते. सूक्ष्मदर्शकाखाली पानांच्या सालीचे तुकडे ओळखणं किंवा लेंडीतला वनस्पतींचा डीएनए वाचणं यातून काय खाल्लं ते कळतं. ते अंगी किती लागण्याजोगं होतं, हा प्रश्न नत्राचा आणि चोथ्याचा.

दोन बारीक गोष्टी. ‘नमुना’च्या आधी ‘ताजा’ लिहायला विसरू नका. पावसाने भिजलेल्या, शेणकिड्यांनी पोखरलेल्या लेंडीचा आकडा विश्वासाचा नसतो. आणि नत्राची टक्केवारी देताना ‘सुक्या वजनाच्या’ हे शब्द गाळू नका, कारण ओल्या शेणात बहुतांश वजन पाण्याचंच असतं.