'कर्करोग पसरतो' म्हणजे नेमके काय?

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या एका यंत्रमाग कारखान्यात काम करणाऱ्या वाचकांनी विचारले आहे : "'जिवाणूंमुळे मोठ्या आतड्याचा कर्करोग पसरतो' असे बातमीत छापून आले, तेव्हापासून घरच्यांनी वडिलांचा पेला वेगळा काढला आहे. येथे 'पसरतो' हा शब्द बरोबर आहे का?"

शब्द चुकलेला नाही, अपुरा आहे. 'पसरणे' हे क्रियापद आपण अफवेला, वासाला, शाईच्या डागाला आणि साथीलाही लावतो. त्यामुळे रोगाचे नाव शेजारी आले की 'एकाकडून दुसऱ्याला' हाच अर्थ आधी मनात येतो. वैद्यकातला अर्थ मात्र एकाच शरीरापुरता आहे : आतड्यातील गाठीच्या पेशी सुटतात आणि रक्तातून किंवा लसीकावाहिन्यांतून (लिम्फ हा द्रव वाहून नेणाऱ्या नळ्यांतून) यकृतासारख्या दुसऱ्या अवयवात जाऊन रुजतात. डॉक्टर याला 'मेटास्टॅसिस' म्हणतात; त्या ग्रीक शब्दातही जागा बदलण्याचाच भाव आहे. रुग्णाचे नातेवाईक 'लिव्हरला सेकंडरी आहे' म्हणतात, ते मला 'पसरला' याहून नेमके वाटते, कारण मूळ गाठ दुसरीकडे आहे हे त्यात आपसूक येते.

माझा खरा आक्षेप '-मुळे' या शब्दयोगी अव्ययावर आहे. 'पावसामुळे भिंत पडली' म्हटले की सगळा दोष पावसाच्या माथी जातो. संशोधनात मात्र एवढेच दिसले आहे : फ्युसोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम हा एरवी तोंडात, दातांवरच्या किटणात राहणारा जिवाणू २०१२ मध्ये मोठ्या आतड्याच्या गाठींत आढळला, २०१७ मध्ये तेथून यकृतात गेलेल्या गाठींतही सापडला, आणि २०२० मध्ये प्रयोगशाळेत असे दिसले की तो कर्करोगाच्या पेशीत शिरला की ती पेशी इंटरल्यूकिन-८ आणि सीएक्ससीएल१ ही प्रथिने बाहेर टाकते व त्यांच्या इशाऱ्याने कर्करोगाच्या पेशी जागा सोडून सरकू लागतात. प्रत्येक रुग्णाच्या गाठीत हा जिवाणू असतोच असे नाही, म्हणून येथे 'हातभार लावतो' किंवा 'चालना देतो' एवढेच म्हणणे रास्त. 'जिवाणूंमुळे' हे सरसकट अनेकवचनही खटकते; येथे चर्चा एका विशिष्ट जातीची आहे.

जाता जाता, या नावातला 'फ्युसो' लॅटिन 'फ्युसस'वरून, म्हणजे आपल्या सूतगिरणीतल्या चातीवरून आला आहे. हा जिवाणू दोन्ही टोकांना निमुळता असतो. सोलापूरकराला तो 'चातीच्या आकाराचा' म्हणून सांगितला तर वेगळे चित्र काढावे लागणार नाही.

मथळा मी असा केला असता : 'आतड्याच्या कर्करोगाच्या फैलावास एका जिवाणूचा हातभार'. मजकुरात पहिल्यांदा येताना मात्र 'शरीरात इतरत्र फैलाव' असे पूर्ण लिहावे, आणि माणसाकडून माणसाकडे जाणाऱ्या रोगासाठी 'लागण' हा शब्द राखून ठेवावा. कर्करोगाची अशी लागण पेल्यातून होत नाही, आणि हा जिवाणू तर कितीतरी निरोगी माणसांच्या तोंडात आधीपासूनच असतो. तेव्हा वडिलांचा पेला पुन्हा इतरांच्या पेल्यांत ठेवावा.