परदेशात मुलांच्या निवाऱ्यात स्वयंसेवा: परभणीच्या ताईंच्या प्रश्नाला उत्तर

ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) झालंय, वय २४, निराधार लेकरांसोबत परदेशात काम करायचंय. एक एजन्सी नेपाळच्या अनाथाश्रमात पंधरा दिवसांचं पॅकेज देतेय, आणि जर्मनीत वर्षभराची स्वयंसेवा असते असंही ऐकलंय. कुठे जावं?

ताई, पंधरा दिवसांचं आधी डोक्यातून काढा. जी संस्था पैसे घेऊन, पोलिसांचा दाखला न मागता तुम्हाला लेकरांत सोडते, ती दुसऱ्या कुणालाही सोडते. नेपाळ-कंबोडियातल्या अशा घरांत पुष्कळ मुलांचे आई किंवा वडील जिवंत असतात. शिकवतो म्हणून गावाकडून आणलेली असतात. पाहुण्यांचा पैसा येत राहतो म्हणून ती घरी परत जात नाहीत. हे आपल्या भागाला काय सांगायचं! दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला टोळ्या निघाल्या की वसतिगृहात किंवा आजीजवळ राहणारी लेकरं अनाथ असतात का? अनाथाश्रमांतल्या अशा स्वयंसेवेने होणारं नुकसान रोखा, असं संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही २०१९ च्या ठरावात म्हटलंय.

आता जर्मनी. तिथे दोन रस्ते आहेत. फ्रायविलिगेस झोत्सियालेस यार (स्वेच्छेचं समाजसेवा वर्ष), म्हणजे एफएसजे, २७ पूर्ण होण्याआधी करता येतं. बुंडेसफ्रायविलिगेनडीन्स्ट (केंद्र सरकारची स्वयंसेवा योजना), म्हणजे बीएफडी, त्याला वरची वयोमर्यादा नाही. दोन्ही बहुधा १२ महिन्यांचं, पूर्णवेळ, आणि वर्षात २५ दिवस प्रशिक्षणाचे. पगार नसतो. हातखर्च मिळतो, साधारण ३०० ते ५०० युरो महिना. राहणं-जेवण कुठे त्याशिवाय मिळतं, कुठे त्यातच भागवावं लागतं. हे करारात वाचूनच सही करा, कारण शहरात भाड्याची खोली घ्यायची वेळ आली तर हातखर्च तिथेच संपतो. आरोग्यविम्याचे आणि बाकी सामाजिक विम्याचे हप्ते संस्था भरते.

जागा डियाकोनी आणि कारितास (दोन्ही चर्चच्या सेवासंस्था), जर्मन रेडक्रॉस यांच्यासारख्या संस्थांकडे थेट अर्ज करून मिळते. लाखभर मागणारा एजंट त्यांच्याच संकेतस्थळावरचा अर्ज भरून देतो. बहुतेक जागा ऑगस्ट-सप्टेंबरला सुरू होतात, म्हणून अर्ज आदल्या दिवाळीच्या सुमारास गेलेला बरा. जर्मन भाषेच्या ए२ पातळीवर बऱ्याच संस्था घेतात, पण लेकरांच्या कामाला त्याच्या वरची बी१ धरून चाला. रडणारं मूल तुमच्यासाठी सावकाश बोलत नाही.

कागद अडतात ते आपल्याकडेच. मराठवाड्यात शाळेत घालताना मास्तरांनी १ जून लिहिलेले हजारो आहेत. टीसीवर १ जून आणि जन्मदाखल्यावर वेगळी तारीख असेल तर आधी ते निस्तरा. पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेट पासपोर्ट सेवेतून निघतं, फी ५०० रुपये. पासपोर्टवर परभणी आणि राहायला पुण्यात, असं असलं की पडताळणी लांबते. अपोस्टीलला, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून आंतरराष्ट्रीय कराराखाली मारतात त्या शिक्क्याला, मात्र पैसे घालू नका. भारत त्या करारात आल्यावर जर्मनीने हरकत घेतलेली आहे, त्यामुळे तो शिक्का तिथे चालत नाही. व्हिसाची फी ७५ युरो. अर्जासोबत संस्थेशी झालेला सही-शिक्क्याचा करार लागतो, आणि तुम्ही हेच काम का निवडलं ते स्वतःच्या शब्दांत लिहावं लागतं. नेटवरून उचललेलं पत्र मुलाखतीत लगेच उघडं पडतं.

गोवराचं बहुतेकांना माहीतच नसतं. मार्च २०२० पासून तिथे कायदा आहे: १९७० नंतर जन्मलेल्यांनी मुलांच्या संस्थेत काम करायचं तर गोवराच्या दोन डोसांचा पुरावा, नाहीतर रक्ततपासणीत प्रतिकारशक्ती दिसायला हवी. तुमच्या वयाच्या लोकांना इथे लहानपणी बहुधा नवव्या महिन्यातला एकच डोस मिळालाय, आणि ते कार्डही आईच्या पेटीत असेल तर नशीब. एमएमआरचे (गोवर, गालगुंड, रुबेलाची एकत्र लस) दोन डोस चार आठवड्यांच्या अंतराने घ्या, इंग्रजीत दाखला घ्या.

पोचल्यावर दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा, त्याला अनमेल्डुंग म्हणतात. त्यानंतर जर्मनीतला विस्तारित चारित्र्य दाखला काढायचा. त्यात फक्त तिथल्या नोंदी दिसतात, म्हणून भारतातलाही मागतात. घरटी १८.३६ युरो महिना रेडिओ-टीव्हीचं शुल्क येतं. एका घरात तिघं राहत असाल तर एकानेच भरायचं.

काम कसं असतं? मोठा आश्रम नसतो. आठ-दहा मुलांचं घर असतं, वोनग्रुप्पे. मुलांना तिथे बहुधा युगेंडआम्ट, म्हणजे सरकारी बालकल्याण कार्यालय, ठेवतं, आणि बऱ्याच जणांच्या आईबापांची भेट ठरलेल्या वारी होते. सकाळी उठवणं, शाळा, गृहपाठ, स्वयंपाकात हात, दवाखान्याला सोबत, एवढं तुमचं. औषध देणं, रात्रपाळी एकटीने करणं तुमचं नाही; सांगितलं तरी घर सांभाळणाऱ्या प्रशिक्षित शिक्षकांना विचारा.

आपल्या सवयी तिथे आड येतात. गाल ओढणं, मांडीवर घेणं, लेकरू स्वतः आलं नाही तर करू नका; काहींना स्पर्शाचाच त्रास झालेला असतो. गमतीतही चापट नाही, २००० पासून आईबापांनासुद्धा कायद्याने बंदी आहे. फोटो अजिबात नाही, पाठमोराही नाही. ‘कुणाला सांगू नको’ म्हणून मूल काही सांगायला लागलं तर तसा शब्द देऊ नका. ऐकून घ्या, त्याच दिवशी पाळीच्या प्रमुखाला सांगा आणि वहीत मुलाच्याच शब्दांत लिहा. आणि तुम्ही कोणत्या महिन्यात जाणार ते पहिल्या आठवड्यातच भिंतीवरच्या कॅलेंडरवर दाखवा. न सांगता गेलेली माणसं त्यांनी आधीच खूप पाहिलेली असतात.

जायच्या आधी सहा महिने इथेच काम करा. १९९३ च्या भूकंपानंतर उभं राहिलेलं नळदुर्गचं ‘आपलं घर’ हे मुलांचं वसतिगृह आहे, बीडजवळ पालीला एचआयव्हीबाधित लेकरांना सांभाळणारी ‘इन्फंट इंडिया’ संस्था आहे. तिथल्या अनुभवाचं पत्र अर्जाला जोडा.